गुडघ्याशी घाई नको: व्यायाम करणाऱ्यांनो, या चुका टाळा

सोमवारी जिम लावली आणि रविवारी जोतिबाचा डोंगर पळत उतरला. आपल्या कोल्हापुरात गुडघेदुखीची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते. चढताना दम लागतो म्हणून चढ अवघड वाटतो, पण गुडघ्याच्या वाटीवर जास्त भार येतो तो उतरताना. मांडीचे स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात. स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना मात्र महिने लागतात. म्हणून अंगात रग वाटते तेव्हाच सांधा कच्चा असतो.

तालमीत हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी हजार बैठका मारायला लावत नाहीत. आखाड्याची लाल माती ताक, तेल, हळद घालून मऊ ठेवतात. आपण तालमीचा खुराक तेवढा उचलला, क्रम आणि माती तिथंच सोडली. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिणारा पैलवान दोन वेळा घाम गाळतो. ऑफिसात बसणाऱ्याने रोज तेच लिटरभर दूध प्यालं, तर हजारेक कॅलरी वाढतात. वजन एक किलोने वाढलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर साधारण चार किलो भार वाढतो, हे ध्यानात असू द्या.

दुसरी चूक मला जास्त टोचते. 'अंडी-चिकन खाल्ल्याशिवाय काही होणार नाही' असं कुणी म्हणालं की पोरं घरची माळ, श्रावण, वार सगळं गुंडाळून ठेवतात आणि मग ते त्यांच्या मनाला खात राहतं. ज्याला खायचं त्याने खुशाल खावं, पण कुणाच्या दबावाखाली नको. नियमित व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिनं पुरतात. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 96 ग्रॅम. डाळ, मटकीची उसळ, दही, शेंगदाणे, सोयाबीन यांतून ती जमतात, फक्त मोजून खावं लागतं. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शाकाहाऱ्यांनी बी 12 जीवनसत्त्व एकदा तपासून घ्यावं.

आमच्या घरी माळ आहे. तरी मी सांध्यांच्या कॅप्सूल दोन महिने घेतल्या, आणि मग बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. कॅप्सूलचं कवच जनावराच्या जिलेटिनचं, आतलं ग्लुकोसामाइन कोळंबी-खेकड्याच्या कवचातलं. आईला सांगताना जीभ जड झाली. कोलॅजन म्हणजे सांध्यांना बांधून ठेवणारं प्रथिन, त्याची पावडरही प्राण्यांपासूनच येते. हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. शरीर आपलं कोलॅजन स्वतः बनवतं. त्याला प्रथिनं आणि क जीवनसत्त्व लागतं, आणि ते पेरूत, आवळ्यात भरपूर आहे.

उपवासाला साबुदाणा खाऊन जड स्क्वॅट मारू नका. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. त्या दिवशी राजगिरा, दही, शेंगदाणे घ्या आणि रंकाळ्याला एक फेरी मारा.

दुखायला लागलं की काय? पूर्ण अंथरूण धरणं हीसुद्धा चूकच. कूर्चेत, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरच्या गुळगुळीत थरात, रक्तवाहिन्या नसतात, दाब पडून सुटला की तिला पोषण मिळतं. भार निम्मा करा, उतार बंद ठेवा, दुखणार नाही इतपत खुर्चीवरून उठबस करा. दुसऱ्या दिवशी सकाळीही ठणका असेल तर कालचं जास्त झालं असं समजा. गोळी घेऊन व्यायामाला जाणं तर नकोच. दुखणं दबतं आणि इजा वाढते.

रस्सा आणि दारूच्या पार्टीनंतर पायाचा अंगठा रात्रीत लाल होऊन सुजला, तर चोळत बसू नका. ते युरिक अॅसिड असू शकतं. गुडघा सुजून गरम झाला, अडकला किंवा पाय टेकवेना, तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. सोबत ताप असेल तर तासभरही थांबू नका.