शेतकरी पाळकाचा कुळवृत्तान्त लिहिताय? या चुका टाळा

माझा जन्म डहाणूच्या मिशन दवाखान्यातला. ब्रेदरन या अमेरिकी ख्रिस्ती पंथाचे पहिले मिशनरी १८९४ मध्ये मुंबईला उतरले आणि पुढे त्यांचं काम गुजरातेतून आमच्या डहाणूपर्यंत आलं. त्यामुळे मंडळीच्या स्मरणिकांसाठी त्या पंथाच्या जुन्या पाळकांची चरित्रं लिहायला घेतलेले लोक मला कच्चा मजकूर वाचायला देतात. बहुतेकांना अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे जॉन क्लाइन हवे असतात. रॉकिंगहॅम परगण्यात लिनव्हिल क्रीकच्या काठी शेती करणारा, झाडपाल्याची औषधं देणारा, नेल नावाच्या घोडीवर बसून हजारो मैल फिरून उपदेश करणारा हा माणूस (१७९७–१८६४). माणूस मोठा आहे, म्हणून तर तेच तेच घोटाळे पाहून वाईट वाटतं.

पाळक म्हणजे पगारी धर्मगुरू, असं धरून चालणं. सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. त्या काळच्या ब्रेदरन मंडळ्या आपल्यातूनच एखाद्याला मतं देऊन पाळक निवडायच्या. त्याला पगार नाही, सेमिनरीची, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेची, पदवी नाही. पोट शेतीवर. त्यामुळे जनगणनेत ‘धर्मगुरू’ या व्यवसायाखाली अशा माणसाला शोधलंत, तर तो सापडेलच असं नाही. तिथे बरेचदा ‘शेतकरी’ एवढंच लिहिलेलं असतं. १८५० ते १८८० च्या जनगणनांना शेतीचं वेगळं परिशिष्ट होतं: किती एकर जमीन, किती घोडे, किती गहू. मी नेहमी तिथूनच सुरुवात करते. माणूस आधी शेतात उभा करायचा, मग व्यासपीठावर. आणि पाळक म्हणून त्याची खूण हवी असेल तर इतरांच्या लग्नांत शोधा. लग्न लावणारा पाळक परगण्याच्या कारकुनाकडे त्याची नोंद पाठवायचा, तिथे त्याचं नाव येतं.

बाप्तिस्म्याच्या वहीत जन्मतारीख शोधणं. ब्रेदरन लोक बाळांना बाप्तिस्मा देतच नाहीत.

एका घरात राहणारी सगळी मुलं त्याचीच, असं मानणं. १८५० च्या जनगणनेत पहिल्यांदा घरातल्या प्रत्येकाचं नाव आलं. (गुलामांची मात्र नुसती मोजदाद, वेगळ्या तक्त्यात, बहुतेक ठिकाणी नावाशिवाय.) पण कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकाना थेट १८८० मध्ये आला. मधल्या तीस वर्षांत पुतण्या, अनाथ भाचा, गडी, शिकाऊ पोरगा सगळे एकाखाली एक लिहिलेले दिसतात.

एका हुशार मुलाने क्लाइनच्याच खोऱ्यातल्या दुसऱ्या एका पाळकाची वंशावळ मला दाखवली होती. १८५० च्या घरात त्याच आडनावाचा बारा वर्षांचा मुलगा होता, तो त्याने थोरला मुलगा म्हणून लावून टाकला. त्या मुलाच्या पुढच्या चार पिढ्या जोडल्या, छापायलाही दिल्या. मी विचारलं, आईचं वय पाहिलंस का? बाई चोवीस वर्षांची होती. तरीही तो म्हणाला, ‘दुसरी बायको असेल, ताई.’ शेवटी उत्तर मिळालं दक्षिणी नुकसानभरपाई आयोगाच्या कागदांत. अमेरिकी यादवी युद्धात संघराज्याच्या (उत्तरेच्या) सैन्याने नेलेल्या मालाबद्दल संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या दक्षिणी लोकांनी केलेले दावे ऐकायला हा आयोग १८७१ मध्ये नेमला गेला. तिथे त्या पाळकाच्या दाव्यात साक्षीदार म्हणून आलेल्या त्या मुलानेच शपथेऐवजी प्रतिज्ञेवर सांगितलं होतं, ‘दावेदार माझे काका.’ चार पिढ्या पुसाव्या लागल्या. पुस्तिका वाटून झाली होती, ती आजही कुणाकुणाच्या कपाटात आहे. अशी घाई मला माफ करवत नाही, कारण त्या चार पिढ्या कुणाच्या तरी खऱ्या माणसांच्या होत्या.

खुद्द क्लाइन यांच्या नावाखालीही लोक मुलं लावतात. जॉन आणि अ‍ॅना वॅम्पलर यांचं १८१८ मध्ये लग्न झालं, पण त्यांचं एकही मूल जगलं नाही. कुणी स्वतःला त्यांचा थेट वंशज म्हणवत असेल, तर क्लाइन, क्लाईन, क्लेन अशी आडनावं लावणारे दुसरे जॉन आधी तपासा.

छापील डायरी म्हणजे मूळ डायरी समजणं. ही चूक अभ्यासू लोकही करतात. क्लाइन यांची रोजनिशी बेंजामिन फंक यांनी १९०० साली पुस्तकरूपात आणली आणि नंतर मूळ वह्या नष्ट केल्या. पुस्तकातली लांबलचक प्रवचनं फंक यांनी क्लाइन यांच्या त्रोटक टिपणांवरून फुलवलेली आहेत. म्हणून ‘क्लाइन म्हणतात’ असं लिहून एखादं सुंदर वाक्य उचलताना हात आवरा. कुठल्या दिवशी कुठे गेले, कुणाकडे मुक्काम केला, कुणाचं लग्न लावलं, यासाठी मी ते पुस्तक बिनधास्त वापरते. भाषेसाठी मात्र नाही.

‘कागद नाही म्हणजे घटना नाही.’ रॉकिंगहॅमचे कितीतरी दस्तऐवज, खरेदीखतं आणि मृत्युपत्रं जून १८६४ मध्ये सैन्याने जाळले. त्याच महिन्याच्या १५ तारखेला, घरापासून जवळच, क्लाइन यांना गोळ्या घालून मारलं. सदुसष्ट पुरे व्हायला दोन दिवस होते. गुलामगिरी आणि युद्ध, दोन्हींना त्यांचा विरोध होता, आणि त्यासाठी १८६२ मध्ये त्यांनी तुरुंगवासही सोसला होता. १८६४ च्याच शरद ऋतूत संघराज्याचा सेनापती शेरिडन याच्या फौजेने खोऱ्यातली कोठारं आणि गिरण्या पेटवल्या. तेव्हा खरेदीखत मिळालं नाही तर शेजारच्या परगण्यांत आणि करवसुलीच्या याद्यांत बघा. त्या याद्या कंटाळवाण्या आहेत, दिवसच्या दिवस खातात. दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

अ‍ॅनाला विसरणं. जवळजवळ प्रत्येक मजकुरात ती लग्नाच्या ओळीत येते आणि तिथेच संपते. ती अनेक वर्षं मानसिक आजाराने त्रासलेली होती. नवरा आठवडेच्या आठवडे घोडीवर, आणि इकडे घर, गुरं, आलेगेले पाहुणे आणि आजारी बाई. तिला कोण बघत होतं, चूल कोण पेटवत होतं, हे विचारल्याशिवाय कुटुंबाचा भाग लिहून झाला असं मी धरत नाही. मजकूर तसाच आला तर परत पाठवते.