मत्स्यालयातील परजीवी रोग : औषधाआधीची ओळख

शिवाजी विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून मी बाहेर पडले तेव्हा माशांच्या परजीवींची शास्त्रीय नावे मला पाठ होती. पहिली नोकरी लक्ष्मीपुरीतल्या एका शोभिवंत माशांच्या दुकानात मिळाली. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी पहिल्याच दिवशी कोपऱ्यातल्या टाकीकडे बोट दाखवून विचारले, “मॅडम, ह्याला काय झालंय सांगा की.” टाकीतला मासा दगडाला अंग घासत होता आणि अंगावर ठिपका मात्र एकही नव्हता. मला उत्तर देता आले नाही. गेली अकरा वर्षे मी कोल्हापुरातल्या घरांतील, दवाखान्यांतील आणि हॉटेलांतील मत्स्यालयांची देखभाल करते, आणि या कामात नव्याने येणारी मुले-मुली माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न “कोणते औषध टाकू?” हाच असतो. हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा असतो, हे मला सांगायचे आहे.

सुरुवात पाण्यापासून करावी. टाकीतले सगळे मासे तासाभरात वर येऊन तोंडे मारू लागले, तर तो रोग नसून पाण्याचा दोष असण्याची शक्यता मोठी असते. आदल्या दिवशी नळाचे पाणी थेट टाकीत ओतले का, हे विचारावे, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना थेट इजा करते. अमोनिया आणि नायट्राईट, म्हणजे माशांच्या मलमूत्रातून पाण्यात साचणारी विषारी द्रव्ये, तपासावीत. व्यवस्थित चाललेल्या टाकीत दोन्ही शून्य यायला हवेत. परजीवींचा त्रास मात्र बहुधा हळूहळू वाढतो. आधी एक मासा पर (पोहण्याचे पंख) मिटून कोपऱ्यात थांबतो, मग दुसरा अंग घासू लागतो, चार दिवसांनी तिसरा खाणे सोडतो. हा क्रम ज्याला नजरेने टिपता येतो, त्याचे निम्मे निदान तिथेच झालेले असते.

राजारामपुरीतल्या एका घरी मला बोलावले होते तेव्हाची गोष्ट आहे. त्यांच्या गोल्डफिशच्या अंगावर पांढरे ठिपके आल्यामुळे घरच्या वहिनी पाच दिवस टाकीत औषध घालत होत्या, पाणी हिरवे-निळे झाले होते आणि ठिपके तसेच होते. मी टॉर्च धरून जवळून पाहिले. ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या पराच्या पुढच्या काट्यावर होते, एकसारख्या आकाराचे, ओळीने मांडल्यासारखे. पाठीवर, शेपटीवर एकही नव्हता आणि मासा उत्तम खात होता. “वहिनी, हा मासा आजारी नाही, हा नर आहे आणि त्याचा विणीचा काळ आहे,” असे मी सांगितले तेव्हा त्यांना विश्वास ठेवायला वेळ लागला. विणीच्या काळात नर गोल्डफिशला असे दाणे येतात आणि नंतर आपोआप जातात. ठिपका दिसला की रोग, असे समीकरण ज्याच्या मनात पक्के बसले आहे त्याने हा नर एकदा तरी पाहून ठेवावा.

खरे पांढरे ठिपके, ज्याला दुकानदार ‘व्हाईट स्पॉट’ किंवा ‘इक’ म्हणतात, ते अंगभर आणि परांवर विखुरलेले असतात, रव्याचे कण शिंपडल्यासारखे. ते घडवणारा आदिजीव, म्हणजे एका पेशीचा सूक्ष्म जीव, तो इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस. हे नाव 1876 मध्ये फूके या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिले आणि त्याचा अर्थ साधारण ‘पुष्कळ लेकरांची, माशाची ऊ’ असा होतो. या नावातच उपचाराची दिशा आहे, म्हणून मी ते प्रत्येक शिकाऊ मुलाकडून पाठ करून घेते. माशाच्या अंगावर दिसणारा ठिपका म्हणजे त्वचेच्या वरच्या थराखाली राहून माशावर पोसला जाणारा जीव. तिथे तो झाकलेला असल्यामुळे पाण्यातले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पूर्ण वाढ झाली की तो अंगावरून सुटतो, तळातल्या वाळूवर, दगडावर किंवा पानावर चिकटतो, भोवती आवरण तयार करतो आणि आत विभागत जाऊन शेकडो पिल्ले निर्माण करतो. ही पिल्ले पाण्यात पोहत नवा मासा शोधतात, आणि साधारण दोन दिवसांत तो मिळाला नाही तर मरतात. औषध लागू पडते ते मुख्यतः या पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणूनच एकदा औषध टाकून थांबणे निरुपयोगी ठरते, आणि ठिपके गळून पडले म्हणून औषध बंद करणे ही तर सर्वांत मोठी चूक, कारण नेमक्या त्याच वेळी तळाशी पुढची पिढी तयार होत असते. 25 अंश सेल्सिअसच्या आसपास हे सगळे चक्र आठवड्याभरात पूर्ण होते. थंड पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही मी निदान आठवडाभर उपचार चालू ठेवते.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा वाढतो, हीटर नसलेल्या टाक्यांचे तापमान दिवस-रात्र वर-खाली होते आणि मासे अशक्त होतात. माझ्या वहीतल्या ‘इक’च्या नोंदी याच दोन महिन्यांत सर्वाधिक आहेत. अशा वेळी हीटरने तापमान हळूहळू, दिवसाला एक-दोन अंशांनी, 30 पर्यंत नेणे आणि लिटरमागे 2 ते 3 ग्रॅम खडे मीठ विरघळवून टप्प्याटप्प्याने घालणे हा माझा पहिला उपाय असतो. मात्र गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एअर पंप वाढवल्याशिवाय तापमान वाढवू नये, आणि एवढे ऊन पाणी गोल्डफिशसारख्या थंड पाण्याच्या माशांना सोसेल असे गृहीत धरू नये. मिठाने पाणवनस्पती कोमेजतात, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

माझ्या हातून झालेली मोठी चूकही सांगायला हवी. दुसऱ्या वर्षी एका घरच्या टाकीत मी मॅलाकाईट ग्रीन हे परजीवी मारणारे रंगद्रव्य वापरले. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून, गुणाकाराला हजाराने भागून मी 72 लिटर पाणी धरले. काच वरपर्यंत भरलेली नव्हती आणि तळाला जाड खडी होती. प्रत्यक्षात पाणी 55 लिटरच्या आसपास होते. शिवाय त्या टाकीत सहा क्लाऊन लोच होते, ज्यांचे खवले अगदी बारीक असल्यामुळे असे औषध त्यांना इतर माशांपेक्षा फार लवकर बाधते. दुसऱ्या दिवशी सकाळी चार लोच मेलेले होते आणि ते माशांना नावे देणाऱ्या घरातल्या मुलीने सर्वांत आधी पाहिले होते. तेव्हापासून मी पाण्याच्या पातळीची उंची मोजते, खडीची जागा वजा करते, अशा माशांसाठी मात्रा निम्मी करते आणि औषधाआधी फिल्टरमधला कार्बन काढते, कारण तो औषध शोषून घेतो. मॅलाकाईट ग्रीन हाताळताना हातमोजे घालावेत आणि खाण्यासाठी पाळलेल्या माशांना ते कधीही देऊ नये.

अण्णांच्या दुकानातला तो अंग घासणारा मासा मला पुढे सूक्ष्मदर्शकाने उलगडून दाखवला. ओल्या हातात मासा धरून, छातीच्या परामागे कव्हरस्लिपची (काचपट्टीवर झाकायच्या पातळ काचेची) कड डोक्याकडून शेपटीकडे हलकेच ओढून थोडा चिकटा, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत स्राव, काचपट्टीवर घ्यावा, त्यावर टाकीतल्याच पाण्याचा थेंब टाकावा आणि लगेच पाहावे. नळाचे पाणी वापरले तर क्लोरीनने परजीवी मरतात आणि काचपट्टी रिकामी दिसते. मासा मरून वेळ गेला असेल तरीही तसेच होते, कारण बाह्य परजीवी मेलेल्या माशाला सोडून जातात किंवा स्वतः मरतात. शंभरपट मोठे करून मी पाहिले तेव्हा एक पातळ, पारदर्शक कृमी जळवेसारखा लांबत-आखडत होता. त्याच्या मागच्या टोकाला आकडे होते, आणि पोटातल्या पिल्लाचेही आकडे स्पष्ट दिसत होते. तो गायरोडॅक्टिलस होता, अंडी न घालता पिल्लाला जन्म देणारा. त्याचा भाईबंद डॅक्टिलोगायरस बहुधा कल्ल्यांवर राहतो, त्याच्या डोक्याकडे चार काळे डोळ्यांचे ठिपके असतात आणि तो अंडी घालतो. हा फरक निव्वळ पुस्तकी नाही. दोघांवरही प्राझिक्वाँटेल हे कृमिनाशक चालते, पण अंड्यांवर त्याचा परिणाम होत नाही, म्हणून डॅक्टिलोगायरस असेल तर अंडी फुटण्याचा अंदाज घेऊन मात्रा पुन्हा द्यावी लागते. त्याच काचपट्टीवर ‘इक’चा जीव सापडला तर तो गडद गोळ्यासारखा सावकाश गिरक्या घेताना दिसतो आणि त्याच्या आत घोड्याच्या नालासारखे केंद्रक असते. एकदा ते पाहिले की विसरता येत नाही.

काही परजीवी उघड्या डोळ्यांनी दिसतात. एका ओळखीच्या काकांनी तळ्यातून आणलेली पाणवनस्पती न धुता कोईच्या हौदात टाकली, आणि महिन्याभरात माशांच्या अंगावर डाळीच्या दाण्याएवढ्या चपट्या, सरकणाऱ्या उवा दिसू लागल्या. हा आर्ग्युलस. चिमट्याने त्या काढता येतात, पण उवेची मादी माशाला सोडून दगडांवर आणि भिंतींवर अंडी घालते, त्यामुळे हौद रिकामा करून, घासून, वाळवावा लागला. लर्निया, ज्याला दुकानदार ‘अँकर वर्म’ म्हणतात, दोऱ्यासारखा लोंबतो. त्याचे नांगरासारखे डोके मांसात रुतलेले असते, म्हणून तो ओढून तोडू नये, मुळाशी धरून काढावा. गप्पीच्या गुदद्वारातून लाल धागे बाहेर दिसले तर आतड्यातला कॅमॅलॅनस हा कृमी समजावा. त्यावर लिव्हामिसोल हे कृमिनाशक वापरतात, मात्र पशुवैद्यकांना विचारून.

नवीन मासे, मग ते चेन्नईच्या कोलतूरहून आलेले असोत की मुंबईहून, तीन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत. त्या टाकीत स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पाईपचा तुकडा पुरतो. वाळू नको, कारण तळ रोज पुसता आला पाहिजे. तिची जाळी आणि नळी वेगळी ठेवावी, आणि वापरून झाल्यावर उन्हात पूर्ण वाळवावी. ज्यांना हेच शिक्षण रीतसर घ्यायचे आहे त्यांच्यासाठी रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आपल्याला सर्वांत जवळचे आहे. तिथली मत्स्यशास्त्राची पदवी बारावी विज्ञानानंतर चार वर्षांची असते. प्राणिशास्त्राच्या वाटेने येणाऱ्यांनी मात्र सुरुवातीचे सहा महिने सूक्ष्मदर्शकाला द्यावेत, निरोगी माशाचा चिकटाही पाहावा, आणि प्रत्येक टाकीसाठी तारीख, तापमान, पाण्याचे खरे लिटर, काय दिसले आणि काय दिले, असे पाच रकाने वहीत आखून घ्यावेत.