संस्थेचा हिशेब चोख, तरी खातं अडकलं? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या संस्थांचे हिशेब बघताना पैसे खाल्लेले फार क्वचित सापडतात. पैसे योग्य ठिकाणीच गेलेले असतात, पण तसा कागद नसतो. धर्मादाय कार्यालय, बँक किंवा देणगीदार कंपनी यांच्यापुढे तोंडी प्रामाणिकपणा चालत नाही.

सगळ्यात महागात पडते ती चेंज रिपोर्टची चालढकल. विश्वस्त वारले, कुणी राजीनामा दिला, नवी कार्यकारिणी निवडली, की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं; हाच चेंज रिपोर्ट. निवडणूक होते, हारतुरे होतात, पेढे वाटले जातात. अर्ज तेवढा राहतो. अशा दोन-तीन कार्यकारिण्या येऊन जातात. मग बँकेत सह्या बदलायला गेलं की शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा उतारा मागतात. त्यावर जुनीच नावं, त्यातले दोघे तर हयातही नाहीत. पगार तिथेच थांबतात.

अशा वेळी सर्वात जुना बदल आधी घ्या. प्रत्येक बदलाचा वेगळा रिपोर्ट, सोबत विलंब माफीचा अर्ज. सभेची नोटीस आणि ती सभासदांना मिळाल्याचा पुरावा, हजेरीपत्रक, ठराव, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, जुन्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले हे सगळं लावा. इतिवृत्त सापडत नाही म्हणून आता बसून मागच्या तारखेचं लिहू नका. एकाच पेनने, एका बैठकीत उतरवलेली चार वर्षांची इतिवृत्तं कोणीही ओळखतं. नाही ते नाही, असं प्रतिज्ञापत्रावर सांगितलेलं बरं.

पत्ता बदलला तरी चेंज रिपोर्ट लागतोच. नेरूळहून खारघरला ऑफिस हलवणाऱ्यांच्या तर लक्षातच येत नाही की आपण ठाणे जिल्हा सोडून रायगडात गेलो.

खजिनदाराच्या मोबाइलवरचा क्यूआर

कार्यक्रमाच्या टेबलावर क्यूआर कोड ठेवलेला असतो आणि स्कॅन केल्यावर नाव येतं खजिनदाराचं. संस्थेच्या खात्याचा क्यूआर काढायला बँकेत एक खेप मारायची असते, तीच कोणी मारत नाही. पैसे आधीच असे जमा झाले असतील तर खजिनदाराच्या बँक स्टेटमेंटवरून यादी करा: तारीख, नाव, रक्कम, व्यवहार क्रमांक. बेरजेइतकी पूर्ण रक्कम संस्थेच्या खात्यात वळती करा. त्यातूनच परस्पर मंडपवाल्याला दिले, असं नको. पावत्या फाडा आणि पुढच्या सभेत ठराव करून घ्या.

रोखीचं दुखणं वेगळं. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०-जीची, म्हणजे देणगीदाराला मिळणारी आयकराची सवलत नाही, हे देणगीदाराला पावती देताना नव्हे, पैसे घेण्याआधी सांगा. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च आयकरात धर्मादाय कामावरचा खर्च म्हणून धरला जात नाही. किरकोळ खर्चासाठी ठरावीक रक्कम हातात ठेवा आणि व्हाउचर आल्याशिवाय ती पुन्हा भरू नका.

मार्चमध्ये पगाराला पैसे कमी पडतात आणि अध्यक्ष खिशातून ५०,००० घालतात. भावना चांगली, पण हिशेबात ते ‘कर्ज’ म्हणून लागलं की अडचण. संस्थेसाठी कर्ज घ्यायला कलम ३६-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. परत नको असतील तर देणगी म्हणून पावती फाडा. परत हवे असतील तर आधी परवानगी, मग पैसे.

विश्वस्ताच्या भावाच्या प्रेसमध्ये अहवाल छापणं हा गुन्हा नाही. बाजारभावापेक्षा जास्त दर मात्र आयकरात नडतो. तीन कोटेशन घ्या, निर्णयाच्या वेळी त्या विश्वस्तांना बाजूला बसू द्या, आणि तसं इतिवृत्तात नोंदवा.

महापे-रबाळ्याच्या कंपन्यांकडून सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी घेणाऱ्या संस्था एक गैरसमज फार बाळगतात: प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांतच बसवायचा. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. प्रकल्पाच्या समन्वयकाचा पगार प्रकल्पाचा खर्च आहे. प्रस्तावातच तो उघड दाखवा. नाहीतर तोच पगार दुसऱ्या प्रकल्पातून लपूनछपून काढावा लागतो आणि निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर सही करताना सीए अडून बसतो, रास्तच आहे ते. परदेशी निधीच्या बाबतीत मात्र प्रशासकीय खर्चाची २० टक्क्यांची मर्यादा थेट संस्थेवरच आहे, आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

शेवटचं चेकबुकाबद्दल. अध्यक्ष पुण्याला राहतात म्हणून त्यांनी सही केलेले कोरे चेक कपाटात ठेवलेले असतात, आणि नेटबँकिंगचा ओटीपी येतो संस्था सोडून गेलेल्या एका कार्यकर्त्याच्या नंबरवर. कोरे चेक या आठवड्यात रद्द करा. बँकेला ठराव देऊन नंबर बदला, पैसे पाठवण्याची नोंद एकाने आणि मंजुरी दुसऱ्याने द्यायची सोय मागून घ्या. आणि हे दोघे नवरा-बायको नकोत.