अलास्का क्रूझ निवडताना लॉयल्टी दर्जाला किती किंमत द्यावी?

क्रूझ कंपन्या वारंवार येणाऱ्या प्रवाशांना दर्जा आणि त्याबरोबर सवलती देतात. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या 'क्राउन अँड अँकर' या अशा योजनेत डायमंड दर्जा मिळवायला ८० पॉइंट लागतात. साध्या केबिनमधल्या एका रात्रीला एक पॉइंट, म्हणजे सात रात्रींच्या बारा सफरी. हॉलंड अमेरिका कंपनीत चौथ्या ताऱ्याचा दर्जा २०० क्रूझ-दिवस जमल्यावर मिळतो. इतकी वर्षं एकाच कंपनीच्या जहाजांवर काढल्यावर अलास्कालाही तिच्याच जहाजाने जावं, असं वाटणं साहजिक आहे. पण कॅरिबियन सफरीत जे फायदे रोज उपयोगी पडतात, त्यातले बरेचसे अलास्कात वापरायला वेळच मिळत नाही. म्हणून बुकिंगआधी एक संध्याकाळ काढून पुढचा हिशेब मांडावा.

१. दर्जा पक्का करा

कंपनीच्या साइटवर लॉग-इन करून आजचा दर्जा आणि जमलेले पॉइंट किंवा दिवस लिहून घ्या. चालू सफरीचे पॉइंट सफर संपल्यावर जमा होतात. त्यामुळे वरच्या पायरीला चार रात्री कमी असतील, तर ती पायरी या सफरीच्या मधेच हाती येईल असं धरू नका.

मराठी नावांमुळे इथे एक घोळ हमखास होतो. एका बुकिंगमध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे घातलेलं असतं, दुसऱ्यात गाळलेलं असतं, लग्नाआधीच्या सफरी माहेरच्या आडनावावर असतात. अशाने एकाच माणसाची दोन खाती तयार होतात आणि पॉइंट विभागले जातात. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरून कंपनीला दोन्ही खाती एकत्र करायला सांगा आणि सदस्य क्रमांक बुकिंगला जोडलेला आहे ना, तेही बघा.

आपला दर्जा दुसऱ्या कंपनीत चालतो का, हे याच वेळी पाहून ठेवा. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी यांनी २०२४ पासून एकमेकींचा दर्जा मानायला सुरुवात केली. नॉर्वेजियन, ओशिआनिया आणि रीजंट यांनी २०२५ मध्ये तशीच सोय केली. एमएससी तर इतर कंपन्यांचा दर्जा पाहून आपल्या योजनेत जागा देते आणि २०२६ पासून तिचं जहाज सिअ‍ॅटलहून अलास्काला निघतं. हा अर्ज बुकिंगच्या आधी करावा.

२. सात रात्री कागदावर मांडा

सिअ‍ॅटलहून निघणाऱ्या सफरीचा ठरावीक साचा असा: पहिला दिवस चढण्यात जातो, दुसरा समुद्रावर. मग जूनो, स्कॅगवे आणि केचिकन ही बंदरं, मधे एक दिवस हिमनदीसमोर, शेवटी कॅनडातल्या व्हिक्टोरियात संध्याकाळचे काही तास. व्हिक्टोरियाचा थांबा असतो तो कायद्यामुळे. १८८६ चा अमेरिकी कायदा परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून निघून, परदेशी बंदराला न लागता, पुन्हा अमेरिकी बंदरात प्रवासी उतरवू देत नाही.

म्हणजे निवांत समुद्रावरचा दिवस फार तर दीड. लाउंज, मोफत पेयं, खास रेस्टॉरंटची सवलत हे फायदे बहुतेक त्याच दीड दिवसाचे. जून महिन्यात जूनोला रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळीही माणसं डेकवर किंवा गावातच असतात.

३. एकेका फायद्याची छाननी करा

आधी जहाजावर झटपट चढण्याची सवलत घेऊ. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या कॅनडा प्लेस धक्क्यावरून निघणार असाल तर चढण्याआधीच अमेरिकी इमिग्रेशनची तपासणी असते. तिथली रांग इमिग्रेशन खात्याची आहे आणि तिच्यावर क्रूझ कंपनीच्या दर्जाचा काही अधिकार चालत नाही. एकाच दिवशी तीन जहाजं असली की मोठा वेळ तिथेच जातो. सिअ‍ॅटलला ही अडचण नाही, म्हणून तिथे या सवलतीला थोडी किंमत आहे.

छोट्या होडीने किनाऱ्यावर जाताना मिळणाऱ्या प्राधान्याचंही तसंच. अलास्कात बहुतेक जहाजं थेट धक्क्याला लागतात. जूनोला २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं येऊ शकतात आणि त्यातल्या पाचव्याला खाडीत नांगर टाकावा लागतो. आपलं जहाज त्या दिवशी तेच असेल, तरच होडीचं प्राधान्य कामाला येईल.

अलास्कातल्या व्हिटिअर बंदरात सफर संपणार असेल, तर लवकर उतरण्याची सवलत जवळपास शून्य धरा. गावाबाहेर पडायचा रस्ता सुमारे चार किलोमीटरच्या एकपदरी बोगद्यातून जातो. त्यातूनच रेल्वेही धावते आणि वाहनं ठरलेल्या वेळी आळीपाळीने एकेका दिशेने सोडली जातात. जहाजावरून अर्धा तास आधी उतरलात, तरी बस बोगद्याच्या वेळेलाच निघणार.

किनाऱ्यावरच्या सहली हा अलास्काचा सगळ्यात मोठा खर्च असतो आणि लॉयल्टीची सवलत नेमकी तिथेच सहसा नसते. हेलिकॉप्टरच्या सहलीत जागा मोजक्याच, त्यामुळे त्या दर्जा पाहून मिळत नाहीत, आधी बुक करणाऱ्याला मिळतात. ढग उतरले तर उड्डाण रद्द होतं. बुक करताना पूर्ण परतावा आहे ना ते वाचा आणि जमल्यास ही सहल पहिल्या बंदरात ठेवा, म्हणजे पुढच्या बंदरात दुसरी संधी राहील.

इंटरनेटच्या सवलतीला मध्यम भाव द्या. बंदरांवर मोबाइलची रेंज असते, हिमनद्यांपाशी नसते. जहाजाच्या नेटवर्कवर फोन आपोआप जोडला गेला तर बिल चांगलंच फुगतं, म्हणून निघतानाच विमान मोड लावा.

मोफत कपडे धुलाई मात्र मनापासून घ्यावी अशी सवलत आहे. केचिकनला वर्षाला साडेतीन मीटरहून जास्त पाऊस पडतो. चिखलाने भरलेल्या पँटी, घामाने ओले झालेले आतले थर, मुलांचे मोजे असा ढीग तिसऱ्या दिवशीच जमतो, आणि पुढे देनाली राष्ट्रीय उद्यानात किंवा अँकरेज शहरात जायचं असेल तर बॅगेतही जागा नसते. हॉलंड अमेरिकाच्या चौथ्या ताऱ्याला आणि प्रिन्सेस कंपनीच्या एलिट दर्जाला धुलाई मोफत आहे, नॉर्वेजियनमध्ये प्लॅटिनम दर्जापासून एक पिशवी मिळते. प्रिन्सेसच्या जहाजांवर प्रवाशांसाठी पैसे भरून वापरायची यंत्रंही असतात, त्यामुळे तिथे या सवलतीची किंमत थोडी कमी धरावी.

४. आता आकडे

समजा, तुमच्या नेहमीच्या कंपनीचं भाडं दोघांना ३,२०० डॉलर आहे. तिच्या मार्गात ग्लेशियर बे हे हिमनद्यांचं राष्ट्रीय उद्यान नाही आणि जूनोत सहा तासांचा थांबा आहे. दुसऱ्या कंपनीचं भाडं ३,३५०. तिथे ग्लेशियर बे आहे आणि जूनोत दहा तास.

दर्जाचे फायदे फुकट आहेत म्हणून मोजू नका. एरवी ज्यासाठी पैसे दिले असते तेवढंच मोजा. दोन पिशव्या धुलाईचे ६०, इंटरनेटचे ४०, पेयांचे ६०, मिळून १६०. घरात कोणी मद्य घेत नसेल तर पेयांची रक्कम काढून टाका. भाड्यातला १५० चा फरक धरून नेहमीची कंपनी दोघांना ३१० डॉलरने स्वस्त पडते. आता प्रश्न एवढाच, की ग्लेशियर बे आणि जूनोतले चार जादा तास यांसाठी ३१० डॉलर द्यायचे का? पहिल्यांदा जाणाऱ्याने द्यावेत असं आमचं ठाम मत आहे. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोनच क्रूझ जहाजांना प्रवेश असतो, उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात, आणि हे परवाने मोजक्याच कंपन्यांकडे आहेत. यात हॉलंड अमेरिका, प्रिन्सेस आणि नॉर्वेजियन या प्रमुख. हबर्ड हिमनदीही भव्य आहे, पण मे महिन्यात तरंगत्या बर्फामुळे जहाजाला पुष्कळदा लांबूनच फिरावं लागतं.

मार्ग, बंदरांतले तास आणि महिना सारखे असतील तर मात्र बेलाशक दर्जा असलेली कंपनी घ्या.

५. व्हिसा आधी, दर्जा नंतर

भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेबरोबर कॅनडाचाही व्हिसा लागतो. व्हिक्टोरियाला उतरायचं नसलं तरी जहाज तिथे लागणार असतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. कागद अपुरे असले तर वरच्यात वरच्या दर्जाच्या प्रवाशालाही जहाजावर घेत नाहीत.

६. जहाजावर धुलाई अशी द्या

पहिल्याच संध्याकाळी कपाटातली धुलाईची पिशवी आणि यादीचा कागद शोधून ठेवा. जूनोची सहल झाली की त्याच रात्री पिशवी भरा, यादीत कपडे मोजून लिहा आणि यादीचा फोटो काढा. कपडे परत यायला एक ते दोन दिवस लागतात आणि सफरीच्या अखेरीला नवे कपडे घेणं बंद होतं, म्हणून दुसरी पिशवी केचिकनसाठी राखून ठेवू नका. तोपर्यंत उशीर झालेला असू शकतो.

मेरिनो लोकरीचे थर आणि पावसाळी जॅकेट या पिशवीत टाकू नका. जहाजावरच्या गरम ड्रायरमध्ये लोकर आटते आणि धुलाईतल्या सॉफ्टनरने जॅकेटचा पाणी अडवण्याचा गुण कमी होतो. ते बेसिनमध्ये कोमट पाण्याने धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि बाथरूममधल्या ताणदोरीवर टाका. बाल्कनीत वाळत घातलेले कपडे या हवेत वाळत नाहीत आणि वाऱ्याने उडून थेट समुद्रात जातात.