पिंगुळीचं लोककला संग्रहालय नीट बघायचं तर

पिंगुळीला दुपारी चारच्या बेताने पोचा. प्रश्न उजेडाचा आहे. चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या कलेची, चित्रं बघायला दिवसाचा उजेड हवा आणि पडद्यावर सावल्या पाडणाऱ्या चामड्याच्या बाहुल्यांना काळोख. सकाळी घाईघाईत येऊन गेलं तर बाहुल्या नुसत्या टांगलेल्या दिसतात, आणि टांगलेली बाहुली ही अर्धीच बाहुली.

बाहुल्यांचा खेळ बघायचा तर आधी फोन करायलाच हवा. किती माणसं, कुठला खेळ बघायचा, अंधार पडेपर्यंत थांबता येईल का आणि मानधन किती, हे चारही प्रश्न तेव्हाच विचारून घ्या. खेळ एकट्याचा नसतो. गाणारा, वाजवणारा, बाहुल्या नाचवणारा अशी माणसं जमवावी लागतात, म्हणून न कळवता गेलात तर वस्तू तेवढ्या बघून परत यावं लागेल.

पिंगुळी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कुडाळपासून तीन-चार किलोमीटरवर. रात्रीच्या कोकणकन्येने मुंबईहून निघालं की सकाळी कुडाळला उतरता येतं. रिक्षावाल्याला ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ असं संग्रहालयाचं पूर्ण नाव सांगा. नुसतं पिंगुळी म्हटलं तर राऊळ महाराजांच्या मठाकडे नेण्याचा संभव जास्त. परतीची रिक्षाही तेव्हाच ठरवा. गणपतीच्या दिवसांत मात्र गाडीचं तिकीटच मिळणं कठीण.

परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात हे संग्रहालय उभं केलं. त्यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. ठाकर समाजाच्या या कलांना सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता.

सुरुवात चित्रकथीपासून करा. रामायण-महाभारतातल्या एका कथेच्या चित्रांचा संच म्हणजे एक पोथी. कागदावरची दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामुळे पान उलटलं की पुढचा प्रसंग समोर. माणसं बहुतेक एका बाजूने काढलेली, डोळे मोठाले. कोण कोणासमोर उभा आहे एवढंच चित्र सांगतं. राग, विनवणी, युद्धाचा गलका हे सगळं सांगणाऱ्याच्या गळ्यातून आणि वीणा, टाळ, हुडुक (डमरूसारखं वाद्य) यांच्या साथीतून येतं. म्हणून तीन-चार पानांची तरी कथा ऐकवायची विनंती करा. नंतर तीच पानं पुन्हा बघितली की नजर आपोआप नेमक्या जागी थांबते. चित्रांना हात लावू नका. किनाऱ्यावरच्या दमट हवेत कागदाला आधीच बुरशीचं भय, त्यात हाताचा घाम नको. फोटो काढू का, हे विचारा. फ्लॅश तर बंदच ठेवा.

कळसूत्री बाहुल्या कुठल्याही वेळी बघता येतात. मुलांना दोऱ्या ओढायला देऊ नका, एकदा गुंतल्या की सोडवत बसावं लागतं.

चामड्याच्या बाहुल्यांसाठी पडद्यासमोर मधोमध बसा. मागे दिवा, पुढे पांढरं कापड, मध्ये बाहुली. ती कापडाला टेकली की कड रेखीव दिसते, दिव्याकडे सरकली की सावली मोठी आणि पुसट होते. बाहुली नाचवणारा याचाच उपयोग करून घेतो. दागिन्यांच्या जागी चामड्याला पाडलेली बारीक भोकं बघा, दिव्यासमोर तीच चमकतात. खोली काळोखी करून दुपारीही खेळ होतो, पण दाराच्या फटीतून उजेड आला की रंग फिके पडतात. मोबाईलच्या उजेडानेही तेच होतं, तेव्हा तो खिशातच राहू द्या. खेळ संपल्यावर पडद्यामागे जाऊ देतील का, ते जरूर विचारा.

चित्र विकत घेणार असाल तर रंग कोणते वापरलेत ते विचारून घ्या. घडी घालू नका; रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळी करा आणि पुठ्ठ्याच्या नळीत घाला. पावसाळ्यात वरून प्लास्टिक लागतंच, पण घरी पोचल्याबरोबर ते काढा, नाहीतर आत अडकलेली ओल कागदावर डाग पाडते.