नागपुरात झीन काढताना

झीन काढण्याची इच्छा असलेले विद्यार्थी बहुधा पहिला प्रश्न कागदाचा किंवा छपाईचा विचारतात. नागपुरात काही वर्षे अशा लहान पुस्तिका काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, पहिला प्रश्न वाटपाचा असला पाहिजे. ही पुस्तिका नेमकी कोणाच्या हातात पडणार आहे, हे ठरले की आकार, किंमत, भाषा आणि प्रतींची संख्या या गोष्टी आपोआप ठरत जातात.

एकट्याने किंवा चार मित्रांनी मिळून स्वतः लिहिलेली, चितारलेली, झेरॉक्स करून पिना मारलेली आणि स्वतःच वाटलेली पुस्तिका म्हणजे झीन. अमेरिकेत १९३० च्या दशकात विज्ञानकथांच्या चाहत्यांनी ही प्रथा सुरू केली, तर १९७० च्या दशकात पंक संगीताच्या श्रोत्यांनी झेरॉक्सच्या बळावर तिला नवे रूप दिले. मराठीतही १९५० आणि ६० च्या दशकांत तरुण कवींनी सायक्लोस्टाइल करून, म्हणजे मेणकागदाच्या स्टेन्सिलवरून प्रती काढून, लघुअनियतकालिके काढली होती. मात्र नागपूरकरांसाठी याहून जवळची शाळा दीक्षाभूमी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि तेव्हापासून दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येणारा जनसमुदाय परतताना पुस्तके घेऊन जातो. तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवर जाड ग्रंथांच्या शेजारी अगदी पातळ पुस्तिकाही असतात. एकेक भाषण, एखादे चरित्र, गीतांचा छोटा संग्रह असा त्यांचा ऐवज असतो. शीर्षक चार पावलांवरून वाचता येईल एवढे ठळक, किंमत सुट्या पैशांत बसणारी आणि विषय पहिल्याच पानावर स्पष्ट केलेला. मोठ्या शहरातील झीन महोत्सव पाहण्याआधी नवख्या चित्रकाराने हे स्टॉल सावकाश पाहावेत, असे मी आग्रहाने सांगतो, कारण वाचकाचा मान राखून स्वस्त पुस्तिका कशी करावी, हे तिथल्यासारखे मला इतरत्र शिकायला मिळाले नाही.

सुरुवात एका ए-फोर कागदाने करावी. तो तीन वेळा दुमडून, उघडून, मधल्या घडीवर एकच काप दिला की सुमारे साडेसात गुणिले साडेदहा सेंटिमीटरची आठ पाने मिळतात आणि छपाई एकाच बाजूला करावी लागत असल्याने खर्च एका झेरॉक्सचा येतो. त्यानंतर सोळा पानी पुस्तिकेकडे वळावे. तिला चार ए-फोर कागद पाठपोट लागतात. सर्वांत बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ आणि १, तर दुसऱ्या बाजूला २ आणि १५ ही पाने येतात. कागदाच्या एकाच बाजूला शेजारी बसणाऱ्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी १७ येते, एवढे लक्षात ठेवले तरी पाने चुकत नाहीत. तरीही कोऱ्या कागदाची डमी करून तिच्यावर आकडे लिहिल्याशिवाय दुकानात जाऊ नये. मधोमध पिन मारायला लांब दांड्याचा स्टेपलर लागतो. तो नसेल तर सुई-दोऱ्याने घातलेले तीन टाके अधिक टिकतात आणि मला ते अधिक देखणेही वाटतात.

झेरॉक्स यंत्राचे स्वभाव ओळखावे लागतात. कडेची सुमारे अर्धा सेंटिमीटर जागा सहसा उमटत नाही, पेन्सिलीच्या फिकट छटा हरवतात आणि मोठे काळे भाग पट्टेदार येतात. म्हणून मूळ चित्र काळ्या शाईत, रेषांच्या आणि ठिपक्यांच्या आधाराने काढावे. देवनागरी अक्षर फार बारीक ठेवले तर अनुस्वार आणि रफार बुजतात. पावसाळ्यात कागद दमट होऊन यंत्रात अडकतो, तेव्हा रीम बंदच ठेवावा व लागेल तेवढाच कागद काढावा.

भाषेबाबत माझे मत स्पष्ट आहे. घरी वऱ्हाडी बोलणाऱ्याने झीनमध्ये ती जरूर लिहावी, कारण इथे मजकूर प्रमाणभाषेत आणून देणारा संपादक मध्ये नसतो. मित्रमंडळ हिंदी बोलणारे असेल तर दोन्ही भाषा एकाच पानावर नांदू द्याव्यात.

झीनवर पोट भरत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. सोळा पानांच्या आठ झेरॉक्स बाजू, मुखपृष्ठाचा जाड कागद आणि स्टॉलपर्यंतचा प्रवास यांचा हिशेब मांडला की विक्रीतून बहुतेक वेळा पुढच्या अंकाचा खर्च तेवढा निघतो. मात्र मजकूर कापणे, पानाची मांडणी, छापखान्याशी बोलणे आणि अनोळखी वाचकाला दोन वाक्यांत विषय सांगणे ही कामे हाताखालून गेल्याने मुखपृष्ठांची व रेखाटनांची कामे मिळू लागतात. अभिकल्प (डिझाइन) शिक्षणाच्या प्रवेश मुलाखतीतही सुट्या चित्रांपेक्षा पूर्ण झालेली पुस्तिका दाखवल्यास विचार कसा पुढे सरकला हे परीक्षकांना दिसते.

पहिल्या अंकाच्या तीस-चाळीस प्रतींहून अधिक काढू नयेत. काही प्रती वर्गमित्रांशी अदलाबदलीसाठी ठेवाव्यात, काही विदर्भ साहित्य संघाच्या किंवा चित्रकला महाविद्यालयाच्या कार्यक्रमांना जाऊन भेटणाऱ्यांना स्वतः द्याव्यात आणि कोणी काय म्हटले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. शेवटच्या पानावर नाव, गाव, महिना व वर्ष छापावे, आणि मूळ पाने सपाट फाइलमध्ये जपावीत, म्हणजे कोणी मागणी केली की त्याच पानांवरून पुन्हा प्रती काढता येतात.