तळ्याकाठी तंबू ठोकताय? साताऱ्याकडं कॅम्पिंगची जागा ठरवताना या चुका टाळा

मार्चच्या शेवटी मेव्हण्याचा पुण्यातनं फोन आला, दाजी कोयना बॅकवॉटरला एक नंबर जागा घावलीय, फोटो टाकतो बघा. फोटो खरंच भारी होता, तंबूच्या दारातच निळंशार पाणी, मागं हिरवागार डोंगर, पाण्यात एक होडी. मी साताऱ्याचा असून भुललो. गेलो तर तंबू फोटोतल्याच जागी होता, डोंगर तिथंच होता, पाणी तेवढं खाली निघून गेलेलं. मधे भेगाळलेल्या गाळाचा भलामोठा उतार, आणि त्या गाळात माझं पोरगं गुडघ्यापर्यंत रुतलं, चप्पल अजून तिथंच आहे बहुतेक.

जागावाल्याने फसवलं म्हणायला जीभ उचलत नाही, कारण फोटो खोटा नव्हता, फक्त ऑक्टोबरचा होता. तिथनं पुढं मी एक सवय लावून घेतली, कुठलीपण जागा बघितली की विचारायचं हा फोटो कुठल्या महिन्यातला आणि दिवसाच्या किती वाजताचा, कारण आपण जाणार आपल्या तारखेला आणि तिथं झोपणार रात्री. बऱ्याच चुका ह्या एका प्रश्नातच सापडतात.

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी: धरणाला तळं समजणं

आपल्याकडं ज्याला लेकसाईड म्हणतात ते बहुतेक धरणाचं पाणी असतंय. बामणोली, तापोळा, मुनावळे हा सगळा शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचं मागचं पाणी. वाईजवळ धोम, मेढ्याच्या रस्त्याला कण्हेर, सज्जनगडाच्या पायथ्याला उरमोडी, आणि तिकडं सांगली जिल्ह्यात शिराळ्याच्या वर वारणेवरचं चांदोली, सगळी धरणंच. धरणाचा काठ एका जागी राहत नाही. कोयनेत भरल्यावर साधारण १०५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी असतं, धरणाचं हिशोबाचं वर्ष १ जूनला चालू होतं, ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत ते भरतं आणि मग वीज आणि शेतीसाठी पाणी सोडत सोडत मेपर्यंत काठ कुठल्या कुठं खाली जातो. त्यामुळं तोच तंबू दिवाळीत लेकसाईड असतो आणि एप्रिलमध्ये गाळसाईड.

काय करायचं तर सोपं आहे. जायच्या आधी पेपरात धरणाचा पाणीसाठा बघा, रोज येतो. जागावाल्याला म्हणा आत्ता मोबाईल घेऊन बाहेर जा आणि व्हिडिओ कॉल करा, लाजायचं काम नाही, पैसे आपले आहेत. आणि पोचल्यावर काठावर एक रेघ शोधा, जिथं झाडंझुडपं संपतात आणि उघडी बोडकी जमीन चालू होते ती. धरण भरल्यावर पाणी तिथपर्यंत येतं. तंबू त्या रेघेच्या वरच पाहिजे. रेघेच्या खाली मस्त सपाट हिरवळ दिसली की लोकांना मोह होतो, पण पावसाळ्यात वर कुठंतरी महाबळेश्वरला धो धो झालं की इथं ऊन असलं तरी पाणी चढतं, रात्रीत काही फूट चढलेलं लोकांनी बघितलंय. शिवाय ती जमीन गावकऱ्याची नसते, धरणाची असते, गाळपेरीला, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात पीक घ्यायला, घेतलेली असली तरी तिथं पक्का धंदा करता येत नाही, मग कोणीतरी येऊन उठवलं की भांडण कोणाशी करणार?

कास तलावाचं जरा वेगळं आहे. तो सातारा शहराला पिण्याचं पाणी देतो, म्हणून तिथं काठावर भांडी घासणं, साबण लावून अंघोळ करणं असले प्रकार कृपा करून करू नका, ते पाणी आमच्या नळाला येतं. तलावाची उंची वाढवल्यापासून जुन्या फोटोतला काठसुद्धा बदललाय, तेव्हा पाच-सात वर्षांपूर्वीचं वर्णन वाचून जागा ठरवू नका.

सपाट जागा म्हणजे चांगली जागा असं नाही

डोंगरउतारावर सपाट जागा आयती मिळत नाही, ती कोणीतरी केलेली असते, आणि ती असते भाताची खाचरं. भात निघाला की खाचर रिकामं, मग त्यात चार तंबू लावले की झाला कॅम्प. थंडीत काही त्रास नाही. पण खाचराला बांध असतो आणि बांध पाणी अडवायलाच घातलेला असतो हे एप्रिल-मेच्या वळवात कळतं. आम्हाला कळलं. संध्याकाळी साडेसहाला आभाळ आलं, सात वाजता गारा, सव्वासातला आमच्या गाद्या तरंगत होत्या असं म्हटलं तर थोडं वाढवून होईल पण फार नाही. बायको म्हणाली आता रोपं लावायचीच राहिलीत.

पाणी शिरलंच तर काय: चर तंबूच्या वरच्या अंगाला खणायचा, खालच्या नाही, आणि खाचरात असाल तर मालकाला विचारून बांधाचं तोंड फोडा, एका फावड्याचं काम असतं. खाली अंथरलेली ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावत असेल तर आत दुमडा, नाहीतर तंबूवरचं सगळं पाणी त्या ताडपत्रीवरनं सरळ तुमच्या अंगाखाली येतं, ही चूक दहातले आठ जण करतात. कोरड्या ओढ्यात, ओघळीत तंबू लावायचाच नाही, उन्हाळ्यात तर अजिबात नाही.

पठार, वारा आणि न जाणारी खुंटी

पठारावरनं सूर्योदय भारी दिसतो हे मान्य. पण चाळकेवाडीला एवढ्या पवनचक्क्या कशाला लावल्यात याचा विचार तंबू घेऊन वर जाताना करायचा. आणि खाली जांभा, म्हणजे तांबडा कातळ. जांभ्यावर कुठं वीतभर माती कुठं तीपण नाही, तंबूबरोबर आलेली तारेची खुंटी दुसऱ्या ठोक्याला वाकते. मग खुंटीचा नाद सोडा, दोरी मोठ्या दगडाला गुंडाळा, त्या दगडावर अजून दोन दगड ठेवा, नाहीतर रिकामी पोती न्या आणि मातीनं भरून त्याला बांधा. दगड उचलताना मात्र हात सरळ खाली घालू नका, आधी काठीनं हलवा. जांभ्याच्या सड्यावर दगडाखाली फुरसं (विषारी साप) असतं, वीतभर दिसतं पण घात करतं. वारा जिकडनं येतो त्याच्या उलट्या बाजूला तंबूचं तोंड करा. वळवाच्या दिवसात विजा चमकायला लागल्या की उघड्या पठारावर थांबायचं नाही, एकट्या झाडाखाली तर नाहीच, गाडीत जाऊन बसा काचा लावून.

(कासचं फुलांचं पठार वेगळं, तिथं तंबू लावायचा विचारसुद्धा नको. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे, आणि फुलं पायाखाली गेली की पुढच्या वर्षी बी कुठलं.)

"तंबू गळतोय" आणि थंडी

डिसेंबर-जानेवारीत हमखास येणारी तक्रार म्हणजे पाऊस नाही तरी तंबू आतनं ओला. तो गळत नसतो. चार माणसं आत झोपली, थंडी म्हणून सगळ्या चेन बंद केल्या, की श्वासाची वाफ गार कापडाला लागून पाणी होते आणि पहाटे तोंडावर टपकते. वरची जाळी थोडी उघडी ठेवा, बास. पाण्याला चिकटून लावलेल्या तंबूत हे जास्त होतं. शांत रात्री डोंगरावरची गार हवा घरंगळत खाली येते आणि काठाच्या खोलगटात साठते, त्यामुळं काठापासनं थोडं वर, वीस-पंचवीस पावलं चढून लावलेला तंबू जास्त उबदार असतो, हे करून बघा. चूल पण ह्याच हिशोबानं, रात्री धूर उताराला लागून खाली जातो, म्हणून चूल तंबूच्या खालच्या अंगाला.

थंडी वरनं कमी आणि खालनं जास्त लागते. हवेच्या गादीत गार हवाच भरलेली असते, तिच्यावर दोन ब्लँकेटं पांघरून कुडकुडत बसण्यापेक्षा एक घोंगडं खाली टाका. आणि काही झालं तरी कोळशाची शेगडी तंबूत घ्यायची नाही, विझत आलेलीसुद्धा नाही. कोळशातनं निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

झाडाखालची जागा, आणि रात्री कोण येतं

सावली बघून झाड निवडतात आणि वर बघत नाहीत. वर बघा. वाळकी फांदी आहे का, आग्या मोहोळ आहे का. मोहोळाखाली शेकोटी केली तर पळायलाच लागतं, तेवढं बोललो तरी पुरे. उंबराचं झाड असेल तर फळं खाली पडतात आणि फळांमागं रात्री वटवाघळं, रानडुकरं येतात, जंगलाच्या कडेला असाल तर अस्वलसुद्धा. पाण्याकडं जाणारी मळलेली पायवाट दिसली आणि ती माणसांची वाटत नसेल, खुरं दिसत असतील, शेणाचे पोवटे दिसत असतील, तर ती गव्यांची असू शकते. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झालाय, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान त्यात येतात, म्हणजे आपण त्यांच्या दारात झोपायला जातोय. गवा शांत असतो पण त्याच्या वाटेवर तंबू असेल तर तो वळसा घालेलच असं काही नाही.

मटणाची हाडं, सुकटाचा वास, उरलेली बिर्याणी तंबूमागं फेकायची ही फार वाईट खोड आहे. हाडामागं कुत्री येतात आणि कुत्र्यामागं बिबट्या येतो, ह्या भागात कोणालापण विचारा. सगळं पिशवीत बांधून गाडीत. बूट बाहेर काढले तर सकाळी झटकून घाला. तंबूची चेन पाच मिनिटांसाठी पण उघडी ठेवू नका, मण्यार उबेला अंथरुणात शिरते आणि तिचा दंश बऱ्याचदा कळतच नाही. नागपंचमीसाठी नावाजलेल्या शिराळ्याच्या माणसाला साप सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी सांगतो: चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिक नाही, हालचाल कमी आणि थेट दवाखाना. बामणोलीसारख्या ठिकाणाहून रात्री घाटरस्त्यानं सातारा गाठायला तासाच्या वर लागतो. म्हणून जागा ठरवतानाच जवळचं सरकारी रुग्णालय कुठं आणि तिथं सापाची लस असते का हे विचारून ठेवा. १०८ ला फोन करायचा म्हणाल तर आधी रेंज पाहिजे, ती कुठं येते तेपण पोचल्या पोचल्या बघून ठेवा.

परवानगी

वासोटा किल्ल्यावर तंबू लावून राहू असं दरवर्षी कोणीतरी म्हणतं. वासोटा अभयारण्यात आहे, वनखात्याची परवानगी घेऊन बोटीनं जायचं आणि उजेडात परत यायचं, मुक्काम नाही. चांदोलीतपण आत मनानं तंबू टाकता येत नाही. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, दंड-केस दोन्ही होतं. मुक्काम खालच्या गावात खाजगी जागेत करा. आणि फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवतात शेकोटी हा विषयच नको, आधी गवत काढून मोकळं रिंगण, शेजारी पाण्याची बादली, झोपायच्या आधी राख हातानं चाचपून बघायची. यवतेश्वर घाटात वणवे कसे पेटतात ते आम्ही दरवर्षी बघतो.

पोहणं

थोडक्यात. बॅकवॉटरचा काठ दिसतो उथळ आणि खाली बुडालेली खाचरं, पायऱ्या-पायऱ्यांसारखी असतात, गुडघाभर पाण्यातनं पुढचं पाऊल एकदम खोल. वर गाळ. लाईफ जॅकेट नसेल तर उतरायचं नाही, पट्टीचा पोहणारा असला तरी, आणि पिऊन तर नाहीच नाही. कृष्णा-वारणेच्या काठाला कॅम्प म्हणणाऱ्यांना मगर वेगळी सांगायला नको, भिलवडी-औदुंबरकडची माणसं नदीत पाय टाकताना आजूबाजूला का बघतात ते त्यांनाच विचारा.

फोनवर काय विचारायचं

मी आता बार्बेक्यू किती प्लेट हे शेवटी विचारतो. आधी विचारतो की संडास तंबूपासनं किती लांब आणि रात्री तिथं लाईट असते का, प्यायचं पाणी कुठलं, गाडी कुठपर्यंत येते आणि पुढं किती चालायचं, शेजारच्या कॅम्पचा स्पीकर किती वाजता बंद होतो. आणि एक, रात्री तिथं तुमचं माणूस झोपतं का. जो म्हणतो "आमचा पोरगा तिथंच असतो" तिथं अर्धं काम झालं. जो म्हणतो "काय लागलं तर फोन करा", त्याला रेंज कुठं येते ते विचारायचं.

परवा असाच एका आजोबांना फोन लावला, तापोळ्याच्या बाजूचे. एप्रिलमध्ये चार कुटुंबं येतो म्हटलं. पलीकडनं जरा वेळ काही आवाजच नाही, मग म्हणाले, "येवा की, पर पाणी लांब गेलंय, पोरांना घेऊन गाळात काय करणार? दिवाळी झाली की या, तवा पाणी हितं अंगणाशी आसतंय." मेव्हण्याला म्हटलं, ह्यांचंच बुकिंग कर, नोव्हेंबरचं.